मालाडचा ध्वनि आणि पहिला व्हॉल्व्ह

मालाडच्या पश्चिम भागांत ‘बॉम्बे टॉकीज’चें जुनें आवार आहे. लहानसहान कारखाने आणि पडझड झालेल्या भिंती यांखेरीज तेथें पाहण्यासारखें आतां फारसें कांहीं उरलेलें नाहीं. १९३४ सालीं हिमांशु राय व देविकाराणी यांनीं येथें आपला संसार थाटला, तेव्हां मालाड मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होतें. बृहन्मुंबईंत तें आलें १९५७ सालीं. जर्मनीहून फ्रान्झ ऑस्टेन व जोसेफ विर्शिंग आले, आणि ध्वनिमुद्रणासाठीं हार्टली नांवाचे इंग्रज तंत्रज्ञ आले. या संस्थेविषयीं जें जें लिहिलें गेलें, त्यांतली बहुतेक जागा नट-नट्यांनीं आणि त्यांच्या भानगडींनीं अडविली आहे. ध्वनि कसा पकडला जाई, हें विचारणारा विरळा. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. मात्र तो एका अगदीं आजच्या प्रश्नापाशीं जाऊन पोहोंचणार आहे. विजेच्या गिटारीच्या ध्वनिवर्धकांतला जुना व्हॉल्व्ह बदलावयाचा झाल्यास नवा कोणता घ्यावा, हा तो प्रश्न.

या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध असा कीं, दोहोंच्या मुळाशीं एकच कांचेची नळी आहे. १९०४ सालीं फ्लेमिंग यांनीं हवा काढून घेतलेल्या नळींत तापलेला तंतु आणि त्यासमोर एक पत्रा बसविला. वीज एकाच दिशेनें वाहूं लागली, म्हणून तिला व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, हें नांव मिळालें. दोन वर्षांनीं अमेरिकेंत डी फॉरेस्ट यांनीं त्या दोहोंच्या मध्यें तारेची एक जाळी घातली, आणि सगळें जग बदललें. जाळीवर क्षीण विद्युद्दाबाची नुसती चुणूक द्यावी, आणि पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह तिच्या तालावर नाचावा, असा हा चमत्कार आहे. पाटाच्या दारावर हलकासा हात ठेवून शेतभर पाणी कमीजास्त करणाऱ्या माळ्याची आठवण त्यावरून येते.

बोलपटाचा सारा डोलारा या जाळीवर उभा होता. मायक्रोफोनमधून निघणारा प्रवाह इतका सूक्ष्म असतो कीं, एकामागून एक अशा अनेक व्हॉल्व्हांतून तो वाढविल्यावांचून फिल्मच्या कांठावर उमटूं शकत नाहीं. आणि येथेंच ध्वनिलेखकाची खरी परीक्षा असे. शेवटच्या व्हॉल्व्हांत खरखर झाली तर ती जेवढी असेल तेवढीच ऐकूं येते. पहिल्यांत झाली तर पुढचे सगळे व्हॉल्व्ह तिलाही गाणें समजून वाढवीत नेतात. बाहेरचा गोंगाट तर होताच. १९३१ च्या ‘आलम आरा’च्या वेळीं स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून चित्रण रात्रीं करावें लागलें, हें प्रसिद्धच आहे. १९३६ च्या ‘अछूत कन्या’मध्यें अशोककुमार व देविकाराणी हीं दोघेंही स्वतःच गायिलीं. सरस्वतीदेवी या नांवानें संगीत देणाऱ्या खुर्शीद होमजी यांच्यापुढें असे गळे होते, आणि ध्वनिलेखकापुढें असलीं यंत्रें. त्या गीतांची गोडी आज आपण वाखाणतों, तेव्हां त्यांतला मोठा वाटा या यंत्रघरांतल्या अनामिकांचा आहे, असें मला वाटतें.

त्यांतलेच एक सावक वाच्छा. ध्वनिलेखनाच्या खोलींतून पुढें येऊन अशोककुमारांच्या बरोबरीनें त्यांनीं संस्थेची धुरा उचलली, आणि १९४९ सालीं ‘महल’ निघाला. त्यांतल्या त्या विख्यात गीतांत गाणारी दुरून जवळ येत असल्याचा भास साधावयाचा होता. तो कोणत्याही खटक्यानें साधला नाहीं. लता मंगेशकर मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात पावलापावलानें त्याच्याजवळ आल्या. म्हणजे यंत्राची कमतरता पायांनीं भरून काढली!

या सर्व मंडळींना व्हॉल्व्हचा एक दोष शत्रूसारखा वाटे. जाळीवर झेपेल त्याहून अधिक जोर पडला कीं लहरींचे माथे छाटले जातात, आणि आवाज फाटतो. तो फाटूं नये यासाठींच त्यांची सारी धडपड. पुढच्या पिढींतल्या गिटारवाद्यांनीं मात्र नेमका हा फाटलेला आवाजच उराशीं धरला. इतिहासांत दोषाचा असा अलंकार झाल्याचीं उदाहरणें थोडींच सांपडतील.

ही उलथापालथ एका व्हॉल्व्हच्या अदलाबदलीशीं निगडित आहे. १९४७ च्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या आर-सी-ए कंपनीनें ‘१२-ए-एक्स-७’ हा लहानसा नऊ पायांचा व्हॉल्व्ह बाजारांत आणला. युरोपांत त्यालाच ‘ई-सी-सी-८३’ म्हणतात. एकाच नळींत दोन जोड्या, आणि प्रत्येकीचा वर्धनांक १००. फेंडर कंपनीच्या ‘बेसमन’ ध्वनिवर्धकांत पहिल्या घरीं सुमारें ४४ वर्धनांकाचा ‘१२-ए-वाय-७’ असे. १९६२ सालीं लंडनांत जिम मार्शल यांच्या दुकानांतल्या मंडळींनीं त्याच नकाशावरून आपला ध्वनिवर्धक बांधला, पण पहिल्या घरांत ई-सी-सी-८३ बसविला. आराखडा बहुतांशीं तोच. पण तार लवकर तापूं लागली आणि स्वर लवकर फाटूं लागला. पुढें १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियांत रँडल स्मिथ यांनीं वर्धनाचा आणखी एक टप्पा मध्यें घातला, आणि आज ज्याला ‘हाय-गेन’ म्हणतात त्या प्रकाराचा पाया पडला.

तेव्हां मालाडचा एखादा तरुण आपल्या ध्वनिवर्धकासाठीं व्हॉल्व्ह निवडूं लागला, तर त्याच्यापुढें हार्टली आणि वाच्छा यांचाच प्रश्न उभा राहतो. प्रत्येक टप्पा साठएक पटींनीं वाढवितो, आणि असे चार-पांच टप्पे एकापुढें एक आहेत. मधल्या अडसरांनीं कांहीं भाग खालीं ओढला तरी पहिल्या घरांतली कुजबूज अखेरीस गर्जना होऊन बाहेर पडते. म्हणून पहिल्या घरासाठीं नांवाजलेला नव्हे, तर शांत व्हॉल्व्ह शोधावा. आंतली जाळी किंचित् सैल असली कीं नळी मायक्रोफोनप्रमाणेंच हादरा ऐकूं लागते. कर्णा आणि व्हॉल्व्ह एकाच पेटींत असले, तर मग शिट्टी थांबतच नाहीं. परीक्षा सोपी आहे: यंत्र चालू असतां लांकडी पेन्सिलीनें नळीवर हलकेंच टिचकी मारावी, टणत्कार घुमला तर ती पहिल्या घरच्या कामाची नाहीं. शेवटच्या, म्हणजे ध्वनीचे दोन उलट भाग करणाऱ्या घरांत मात्र दोन्ही जोड्या समसमान असलेली नळी हवी. ज्यास गर्जना थोडी आवरावयाची असेल त्यानें पहिल्या घरांत ७० वर्धनांकाचा ‘५७५१’ घालून पाहावा. नळी बदलण्यापूर्वीं वीज तोडून यंत्र निवूं द्यावें, हें सांगावयास नकोच. वीज तोडल्यावरही आंतल्या संचायकांत प्राण घेण्याइतका दाब उरतो, म्हणून पेटी उघडून आंत हात घालण्याचें धाडस जाणत्याखेरीज कोणीं करूं नये.

मिळण्याची गोष्ट निराळी. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें १९६१ सालीं रेडिओचे व्हॉल्व्ह काढण्यास आरंभ केला, आणि त्यांतले जुने नग अजून शोधकांच्या हातीं लागतात. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथूनच येतात. १९२२ नव्हे, २०२२ च्या मार्चांत रशियानें निर्यात रोखल्याची वार्ता येतांच जगभर एकच धांवपळ उडाली. अशा टंचाईंत जुन्या नळ्यांवरचीं नांवें पुसून मानाचीं नांवें छापणारे निघतातच. लॅमिंग्टन रोडवर किंवा चोर बाजारांत खोक्यावरच्या शाईस भुलून चौपट पैसे मोजण्यापेक्षां चार साध्या नव्या नळ्या घ्याव्या, त्या एकामागून एक पहिल्या घरांत ऐकाव्या, आणि सर्वांत शांत असेल ती तेथें ठेवावी. शिट्टी घालणारी नळीही फेंकूं नये. तीच पुढच्या एखाद्या घरांत बसविली, तर वर्षानुवर्षें निमूटपणें काम करते.