कोष्टकातील महानायक

एखाद्या साहित्यकृतीतील पात्र तिच्याबाहेर काढून दुसऱ्या माध्यमात नेले की त्याचे काय उरते, हा प्रश्न माध्यमांतराच्या चर्चेत बहुधा नाटक आणि चित्रपट यांच्या संदर्भात विचारला जातो. या दोन्ही ठिकाणी पात्राला नवी संहिता मिळते. त्याने काय बोलावे आणि केव्हा हरावे हे आधीच ठरलेले असते. १९७० नंतरच्या अमेरिकेत मात्र रूपांतराचा असा एक प्रकार रूढ झाला, की ज्यात पात्र नेले जाते पण संहिता मागेच राहते. चित्रकथांतील महानायक आणि खलनायक यांना टेबलाभोवती बसून खेळावयाच्या ‘रोल-प्लेइंग गेम’मध्ये, म्हणजे भूमिकाखेळात, आणण्याचे जे प्रयत्न झाले, तो हा प्रकार होय. बाजारातील करमणुकीची वस्तू म्हणून समीक्षेने त्याकडे पाठ फिरवली हे स्वाभाविक आहे. तरीही पात्र म्हणजे नेमके काय, या प्रश्नाला इतके उघडेवाघडे उत्तर देण्याची वेळ अन्य कोणा रूपांतरकारावर क्वचितच आली असेल.

या खेळात चार-सहा जण एकत्र बसतात. प्रत्येकाच्या पुढे एक कागद असतो व त्यावर त्याच्या पात्राचे बळ, चपळाई, बुद्धी इत्यादी आकड्यांत मांडलेले असते. एक जण सूत्रधार होतो. प्रसंग उभा करणे, खलनायकांच्या आणि इतर सर्वांच्या भूमिका वठवणे हे त्याचे काम. आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतो, आणि परिणाम संदिग्ध असेल तेथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने (१९७४) ही पद्धत रूढ केली. दशावतारी नाटकाशी तिचे दूरचे साम्य दिसेल. तेथेही पात्र सर्वांना ठाऊक असते आणि संवाद नट आयत्या वेळी रचतो. पण संकासुर विष्णूच्या हातून मरणार हे तेथे पक्के असते. येथे तेवढेही पक्के नसते.

गायगॅक्स-आर्नेसन यांचा खेळ छोट्या सैनिकांच्या युद्धखेळातून निघाला, आणि त्याने एक गोष्ट गृहीत धरली होती : पात्र वाढत जाते. राक्षस मारावेत, अनुभवाचे गुण मिळवावेत आणि दुबळ्या शिलेदाराचा सामर्थ्यवान वीर व्हावा. विकासशील नायकाच्या कादंबरीचाच हा ढोबळ सांगाडा आहे. महानायकाच्या चित्रकथेचा कालबंध मात्र याच्या नेमका उलट. उंबेर्तो एको यांनी सुपरमॅनविषयीच्या आपल्या १९६२ च्या निबंधात (त्याचे इंग्रजी भाषांतर १९७२ मध्ये ‘डायक्रिटिक्स’ या समीक्षेच्या नियतकालिकात आले) दाखवून दिले आहे, की हा नायक काही करून बसला तर तेवढा खर्च होतो, मृत्यूकडे एक पाऊल टाकतो. म्हणून प्रत्येक कथा जणू पुन्हा आरंभापासून सुरू करावी लागते. त्याची वाढ होऊन चालत नाही. तेव्हा प्रश्न केवळ उडणाऱ्या माणसाचा वेग किती धरावा एवढाच नव्हता. वाढीवर उभारलेल्या खेळात न वाढणारा नायक बसवावयाचा होता.

आरंभीच्या प्रयत्नांना हा पेच जाणवलाच नाही असे दिसते. डोनाल्ड सॅक्समन यांचा ‘सुपरहीरो : २०४४’ (१९७७) आणि जेफ डी व जॅक हर्मन यांचा ‘व्हिलन्स अँड व्हिजिलान्टीज’ (१९७९) यांनी चित्रकथांचे वातावरण घेतले, पात्रे घेतली नाहीत. दुसऱ्या खेळात तर खेळाडूने स्वतःलाच पात्र करावयाचे आणि फाशांनी मिळेल ती अमानुष शक्ती स्वतःस जोडावयाची अशी कल्पना होती. वाचकाच्या दिवास्वप्नाचे इतके सरळ रूप चित्रकथेनेही कधी दिले नव्हते.

खरे वळण आले ते जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांच्या ‘चॅम्पियन्स’ने (१९८१). त्यात शक्ती दैवाने मिळत नाही, गुण मोजून विकत घ्यावी लागते. आणि हाती असलेले गुण पुरत नाहीत. मग ते वाढवावयाचे कसे? तर आपल्या पात्रावर बंधने लादून घ्यावयाची. गुप्त ठेवलेली ओळख, एखाद्या पदार्थाचे वावडे, प्राण न घेण्याची शपथ, मागावर असलेला शत्रू, पात्रावर विसंबून असलेले आप्तजन, या प्रत्येकाबद्दल गुण मिळतात. अन्य कंपनीची पात्रे नावानिशी छापण्याचा अधिकार या खेळाला नव्हता; पण स्पायडर-मॅनच्या घडणीचे रहस्य त्याने ओळखले होते. पीटर पार्करची वृद्ध मे काकू ही या हिशेबात ओझे नाही. भिंतीवर चढण्याच्या शक्तीची किंमत काही अंशी तिच्याच नावावर चुकती झालेली असते. यात एक व्यापारी निर्ममता आहे हे मान्य केले पाहिजे. तथापि नायकाची उणीव ही त्याच्या सामर्थ्याला चिकटवलेली पुरवणी नसून दोन्ही एकाच ताळेबंदाच्या बाजू आहेत, हा विचार समीक्षेतही इतक्या स्वच्छपणे क्वचित मांडला गेला आहे.

तीन वर्षांनी मार्व्हेल कंपनीची पात्रे अधिकृतपणे खेळात आली. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्याच प्रकाशकांनी, म्हणजे टीएसआर या संस्थेने, १९८४ मध्ये जेफ ग्रब यांनी रचलेला ‘मार्व्हेल सुपर हीरोज’ बाजारात आणला. त्याआधीच, १९८२-८३ मध्ये, मार्व्हेलने आपल्या पात्रांचा कोश काढण्यास आरंभ केला होता. कोण किती टन वजन उचलतो याची तपशीलवार नोंद त्यात होती. अतिशयोक्तीवर जगणाऱ्या वाङ्मयप्रकाराने स्वतःचेच लेखापरीक्षण करावे, हा त्या दशकाचा विलक्षण छंद म्हणावा लागेल. ग्रब यांनी मात्र आकड्यांच्या पुढे शब्द ठेवले. त्यांच्या श्रेणी विशेषणांच्या आहेत : फीबल, पुअर, टिपिकल, गुड, एक्सलंट, रिमार्केबल, इन्क्रेडिबल, अमेझिंग, मॉन्स्ट्रस, अनअर्थ्ली. प्रत्येकीखाली आकडा आहेच, पण तो मागे राहतो. मार्व्हेलच्या मासिकांच्या मुखपृष्ठांवरील भडक विशेषणांची भाषाच येथे मोजपट्टी झाली. त्यात गंमतही घडली. ‘इन्क्रेडिबल’ हे ज्याच्या नावाचे कायमचे विशेषण, त्या हल्कचे बळ त्या पायरीच्या पुष्कळ वर निघाले, आणि ती पायरी वाट्याला आली स्पायडर-मॅनच्या बळाला. कथेत विशेषण पात्राला चिकटलेले असते. कोष्टकात त्याला इतर विशेषणांच्या रांगेत उभे राहावे लागते. अर्थ सापेक्ष भेदांतून निष्पन्न होतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन शिकवण्यासाठी यापेक्षा सोपे उदाहरण मिळणे कठीण.

या खेळातील अधिक महत्त्वाची योजना म्हणजे ‘कर्म’. शब्द आपलाच, अमेरिकन बोलीतून फिरून आलेला. सत्कृत्ये केली, लोकांना वाचवले, घरची-कामाची बांधिलकी पाळली, की पात्राच्या खाती कर्म जमा होते. मालमत्तेची नासधूस केली, दिलेला शब्द चुकवला, की ते उणे होते. फासे टाकण्यापूर्वी तसे जाहीर करून त्याच्या बळावर प्रतिकूल दान अनुकूल करून घेता येते. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असा विचार करणाऱ्या परंपरेला हे कर्म ओळखीचे वाटणार नाही, कारण ते आपोआप फळत नाही. कर्त्याच्या इच्छेने खर्च होते. त्याला आपल्याकडील जवळचा शब्द ‘तप’ हा आहे. पुराणांतील ऋषी शाप देतो आणि त्याच्या तपाचा व्यय होतो. विश्वामित्राला हा व्यवहार चांगलाच ठाऊक होता.

ग्रब यांचे कौशल्य असे, की पात्राची कायमची शक्ती वाढवावयाची तर तीही याच खात्यातून वाढवावी लागते. जो नायक संकटसमयी लोकांसाठी आपले कर्म वेचतो, त्याच्यापाशी स्वतःच्या उन्नतीसाठी काही शिल्लक राहत नाही. एको यांनी सांगितलेला न वाढणारा नायक अशा रीतीने, कोणतीही मनाई न करता, केवळ जमाखर्चातून सिद्ध होतो. खेळाडूंना प्रगती फार मंद वाटे; वाङ्मयीन दृष्टीने पाहता ती मंदता हेच या रूपांतराचे यश आहे.

त्याच नियमावलीत आणखी एक कलम होते : नायकाने हत्या केली तर त्याचे सारे कर्म शून्य. १९५४ च्या कॉमिक्स कोडच्या छायेत वाढलेल्या नायकाचा हा संकेत येथे कायद्याच्या कठोरपणाने आला, आणि नेमक्या त्याच काळात चित्रकथा त्यापासून दूर जात होती. वूल्व्हरीन आणि पनिशर ही दोन्ही पात्रे १९७४ मध्ये अवतरली, आणि १९८०च्या दशकात ती वाचकांची विशेष लाडकी झाली. एकाच्या बोटांतून पाती निघतात, दुसऱ्याचे नावच दंड देणारा असे आहे. त्यांना या नियमाखाली खेळवणे म्हणजे त्यांचे दारिद्र्य आधीच लिहून ठेवणे होय. रूपांतर एका काळाच्या संकेतांचे होते आणि पात्रे दुसऱ्या काळात निघून जातात, हे येथे स्पष्ट दिसते.

प्रतिस्पर्धी डीसी कंपनीची पात्रे मेफेअर गेम्सने १९८५ मध्ये ‘डीसी हीरोज’मध्ये आणली. ग्रेग गॉर्डन यांच्या या रचनेत प्रत्येक पुढचा गुण आधीच्याच्या दुप्पट मोलाचा. बळ, अंतर, काळ हे सारे एकाच मापाने मोजल्यामुळे एखादी वस्तू किती दूर जाईल हे एका वजाबाकीने कळते. पर्वत उचलणारा सुपरमॅन आणि केवळ व्यायामाने कमावलेला बॅटमॅन एकाच कागदावर बसवण्याचा हा बुद्धिमान उपाय खरा, परंतु त्यातून हाती लागते ते पदार्थविज्ञान. पात्राचा गाभा गॉर्डन यांनी उपकथानकांच्या नियमाकडे सोपवला. प्रेम, कुटुंब, नोकरी यांची गुंतागुंत स्वीकारणाऱ्याला त्यात लाभ मिळतो. पुढे १९८६ मध्ये जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कथा नव्याने मांडून त्याचे सामर्थ्य बरेच कमी केले, आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत खेळातील आकडाही खाली आला. दुपटीच्या मापात दहा पायऱ्या उतरणे म्हणजे सुमारे हजारावा हिस्सा होणे, हे ध्यानात घेतले तर एका पुनर्लेखनाची किंमत कळते. पाठभेदांची चिकित्सा करणाऱ्यांना आकड्यांतून पाठभेद वाचण्याची अशी संधी अन्यत्र मिळणार नाही.

तरीही एक गोष्ट कोणत्याच कोष्टकात मावली नाही. १९७३ मध्ये ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२१व्या अंकात, लेखक गेरी कॉनवे आणि चित्रकार गिल केन यांच्या कथेत, ग्रीन गॉब्लिन हा खलनायक ग्वेन स्टेसीला पुलावरून खाली लोटतो. स्पायडर-मॅन जाळ्याचा तंतू फेकतो, तो अचूक पोचतो, ती मध्येच झेलली जाते. आणि त्या झेलण्याच्याच हिसक्याने तिची मान मोडते. मानेजवळ काढलेले एक लहानसे ध्वनिचिन्ह तेवढे ही वार्ता देते. हा प्रसंग ग्रब यांच्या सारणीवर मांडून पाहावा. तिच्यात पांढरा रंग अपयशाचा. हिरवा, पिवळा आणि तांबडा हे चढत्या यशाचे. नेम अचूक लागला तर ग्वेन वाचते, चुकला तर पाण्यात पडते, आणि कर्म वेचले तर चुकलेलाही लागतो. यश हेच ज्यात घातक ठरते त्या घटनेसाठी सारणीत रंगच नाही. कथेतील शोकात्म अपरिहार्यता निवेदकाच्या निवडीतून येते. फासे आकस्मिकता देऊ शकतात, अपरिहार्यता देऊ शकत नाहीत. सूत्रधाराने ग्वेन मेली असे नुसते जाहीर केले, तर तो खेळ राहत नाही आणि शोकांतिकाही होत नाही. समोर बसलेला पीटर पार्कर सरळ भांडावयास उठेल.

खलनायकाची अडचण याला लागूनच आहे. चित्रकथेत पुढाकार त्याचा असतो, नायक उत्तर देतो. आणि मासिक चालू राहावयाचे तर खलनायकाने निसटणे क्रमप्राप्त असते. टेबलाभोवतीचे पाच बुद्धिमान खेळाडू त्याला निसटू का देतील? ‘चॅम्पियन्स’ने त्याच्या येण्याचा प्रश्न तीन फाशांनी सोडवला. मागावरच्या शत्रूसाठी आठ किंवा कमी दान ठरले असेल, तर तो साधारण चार बैठकींपैकी एकीत उपटतो. अकरा किंवा कमी ठरले असेल, तर आठांपैकी पाचांत. जाण्याचा प्रश्न सुटावयास मात्र बराच काळ लागला. स्टीव्ह केन्सन यांच्या ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’मध्ये (पहिली आवृत्ती २००२, दुसरी २००५) सूत्रधाराला खलनायक खुशाल निसटवता येतो, मात्र त्याबद्दल खेळाडूंना पुढे वापरण्याजोगा गुण द्यावा लागतो. निवेदकाने कथेच्या सोयीसाठी केलेली लबाडी वाचक एरवी निमूटपणे सोसतो. येथे त्याला तिची भरपाई मिळू लागली. २०१२ च्या ‘मार्व्हेल हिरोइक रोलप्लेइंग’ने पुढचे पाऊल टाकले. त्यात पात्राच्या वर्णनातील एखादे वाक्यच फाशाचे काम करते, आणि तेच वाक्य खेळाडूने स्वतःच्या विरुद्ध वापरले तर त्याला मोबदला मिळतो. नायक एकटा, जोडीने की संघात लढतो यालाही तेथे मोल आहे. टनांची भाषा जवळजवळ गळून पडली. सूत्रधारापुढे वाढत जाणारा फाशांचा ढीग तेवढा संकटाचे प्रतीक म्हणून उरला. हा खेळ वर्षभरच टिकला, ही गोष्ट त्याच्या वाङ्मयीन समजुतीविरुद्ध पुरावा म्हणून सांगण्याचे कारण नाही.

रूपांतराचा हा प्रवाह एकदा उलटाही वाहिला. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथे जॉर्ज आर. आर. मार्टिन आणि काही लेखक मित्र १९८३ पासून ‘सुपरवर्ल्ड’ हा महानायकांचा भूमिकाखेळ इतक्या आसक्तीने खेळत, की लेखन मागे पडू लागले. त्या बैठकींतील पात्रांतून १९८७ मध्ये ‘वाइल्ड कार्ड्स’ ही अनेक लेखकांनी मिळून लिहिलेली कथामालिका सुरू झाली. मार्टिन सूत्रधार होते, पुढे संपादक झाले. खेळात ज्यांना कोणी ठरवून मारू शकत नव्हते, अशी पात्रे तेथून छापील पानावर आली, आणि तेथे त्यांना मारण्याचा अधिकार लेखकांकडे परत गेला.