एलईडी दिवे (चित्रीकरण)

चित्रीकरणाचे एलईडी दिवे हे चित्रपट, दूरचित्रवाणी व व्हिडिओनिर्मिती यांत दृश्य उजळण्यासाठी वापरले जाणारे, प्रकाश उत्सर्जक डायोडवर आधारलेले प्रकाशस्रोत होत. घरगुती एलईडी दिव्यांपेक्षा ते मुख्यतः रंगांची अचूकता, लुकलुकीचा अभाव आणि प्रकाशावरील नियंत्रण या तीन बाबतींत वेगळे असतात. म्हणून त्यांची निवड करताना केवळ वॅटचा आकडा पाहणे पुरेसे ठरत नाही.

पार्श्वभूमी

आरंभीच्या काळात चित्रीकरण प्रामुख्याने सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाचे चित्रीकरणही नैसर्गिक प्रकाशात झाले. पुढे कार्बन आर्क दिवे, टंगस्टन दिवे आणि एचएमआय दिवे प्रचारात आले. टंगस्टन दिव्याचा रंग उत्तम असला, तरी त्याला पुरवलेल्या विजेचा बहुतांश भाग उष्णतेत जातो.

इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या संशोधनातून तेजस्वी निळा एलईडी साध्य झाला. या कार्याबद्दल त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळसर प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर दिल्यास पांढरा प्रकाश मिळतो. आजचे बहुतेक पांढरे एलईडी याच तत्त्वावर चालतात.

रंगतापमान

प्रकाशाचा पिवळसर वा निळसरपणा केल्व्हिन या एककात सांगतात. टंगस्टन दिव्याचे रंगतापमान सुमारे ३२०० केल्व्हिन, तर चित्रीकरणात प्रमाण मानलेल्या दिवसप्रकाशाचे सुमारे ५६०० केल्व्हिन असते. एलईडी दिव्यांचे या दृष्टीने तीन प्रकार पडतात: एकाच रंगतापमानाचे, दोन रंगतापमानांमध्ये बदलता येणारे (बायकलर) आणि पूर्ण रंगीत. एकाच रंगतापमानाचा दिवा त्याच किमतीत व त्याच वॅटमध्ये सहसा अधिक प्रकाश देतो. खिडकीतून येणारे ऊन आणि घरातील पिवळे दिवे अशा मिश्र परिस्थितीत वारंवार काम करणाऱ्यास बायकलर दिवा सोयीचा पडतो.

रंगांची अचूकता

दोन दिवे डोळ्यांना सारखेच पांढरे दिसले, तरी त्यांचे वर्णपट भिन्न असू शकतात. हा फरक मोजण्यासाठी सीआरआय हा निर्देशांक रूढ आहे. तो आठ फिकट रंगनमुन्यांच्या सरासरीवर आधारलेला असून गडद लाल रंगाचा 'आर९' हा नमुना त्या सरासरीत धरला जात नाही. त्यामुळे सीआरआय चांगला असूनही दिवा लाल रंगाच्या बाबतीत उणा असू शकतो. अशा प्रकाशात त्वचा निस्तेज दिसते, तसेच कुंकू, शालू वा फुले यांचा लाल रंग मळकट भासतो.

टीएलसीआय हा निर्देशांक मानवी डोळ्याऐवजी दूरचित्रवाणी कॅमेऱ्याचा प्रतिसाद गृहीत धरतो, म्हणून व्हिडिओसाठी तो अधिक उपयुक्त ठरतो. दोन्ही निर्देशांकांची कमाल मर्यादा १०० असून, ९५ वा त्याहून अधिक मूल्य सामान्यतः समाधानकारक मानले जाते. प्रकाशात मुळातच नसलेला वर्णपटाचा भाग संकलनाच्या वेळी रंगसुधारणेने परत आणता येत नाही. विवाहसोहळ्यासारखा पुन्हा न घडणारा प्रसंग टिपताना ही उणीव कायमची राहते.

प्रकाशाचे प्रमाण

वॅट हे विजेच्या वापराचे माप आहे, प्रकाशाचे नव्हे. तुलनेसाठी ठरावीक अंतरावरील लक्स पाहावे, आणि ते मोजताना परावर्तक लावलेला होता का, हेही पाहावे. लहान स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केल्यास प्रकाश एक चतुर्थांश होतो: १ मीटरवर ४००० लक्स देणारा दिवा २ मीटरवर १००० आणि ४ मीटरवर २५० लक्स देतो. आयएसओ ८००, छिद्र एफ/२.८ आणि १/५० सेकंद शटर असताना योग्य उद्भासनासाठी सुमारे १२० लक्स लागतात. मात्र सॉफ्टबॉक्स वा पडदा लावल्यास निम्म्याहून अधिक प्रकाश खर्ची पडू शकतो. ही घट आधीच हिशेबात धरावी लागते.

लुकलुक

भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने साध्या दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना न जाणवणारी ही लुकलुक चित्रात आडव्या पट्ट्यांच्या रूपाने उमटू शकते. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास ती बहुधा टळते. काही एलईडी दिवे मंद करताना प्रवाह जलद चालू-बंद केला जातो. त्यामुळे पूर्ण तेजावर निर्दोष असलेला दिवा मंद केल्यावर दोष दाखवू शकतो. अतिमंद गतीच्या चित्रीकरणात हा धोका वाढतो.

बांधणीचे प्रकार

सपाट पॅनेल तुलनेने मृदू प्रकाश देते व कमी जागेत मावते. एकाच ठिकाणी दाट चिप असलेला सीओबी दिवा ठळक सावली पाडतो आणि त्यावर परावर्तक, सॉफ्टबॉक्स वा फ्रेनेल भिंग चढवता येते. त्यासाठी बोवेन्स माउंट ही जोडणी सर्वत्र प्रचलित आहे. नळीच्या आकाराचे दिवे अरुंद जागी किंवा दृश्यातच ठेवण्यास उपयोगी पडतात.

मृदू प्रकाशासाठी महागडे साहित्यच हवे असे नाही. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) या चित्रपटात छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर ताणलेल्या पांढऱ्या कापडावरून प्रकाश परावर्तित करून अंगणातील दिवसप्रकाशाचा आभास निर्माण केला. पांढरी भिंत किंवा थर्माकोलची पाटी आजही हेच काम करते.

वीज, आवाज व सुरक्षितता

बाह्यचित्रीकरणात बॅटरीची क्षमता वॅट-तासांत पाहावी. ९८ वॅट-तासांची बॅटरी ६० वॅटचा दिवा पूर्ण तेजावर सुमारे दीड तास चालवते. शक्तिशाली दिव्यांतील पंख्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ शकतो, म्हणून शांत खोलीत त्याची चाचणी घ्यावी. दिव्याइतकाच महत्त्वाचा असतो त्याचा स्टँड: उंचावलेल्या स्टँडच्या पायांवर वाळूची पिशवी ठेवणे आणि वायर जमिनीला चिकटवणे ही सेटवरील प्राथमिक दक्षता होय.

निवडीचा क्रम

मर्यादित खर्चात प्रथम रंगांची अचूकता, नंतर पुरेसा प्रकाश व लुकलुकमुक्तता, आणि शेवटी रंगीत प्रकाश वा मोबाइलवरील नियंत्रण असा क्रम लावणे श्रेयस्कर ठरते. अनेक सुमार दिव्यांपेक्षा एक चांगला दिवा व एक पांढरा परावर्तक अधिक उपयोगी पडतो. खरेदीपूर्वी तोच दिवा एक दिवस भाड्याने घेऊन, स्वतःच्या कॅमेऱ्याने मानवी चेहऱ्यावर तपासणे हा सर्वांत विश्वसनीय मार्ग आहे.