मोटेनंतरची मोटर

आमच्या विहिरीच्या काठावरची धाव अजून आहे. मोट ओढताना बैल जिथून खाली उतरायचे, त्या उतरणीवर आता घाणेरी माजली आहे. थारोळ्याचा दगड घासून गुळगुळीत झालाय, त्यावर धुणं धुतात. तिथून चार पावलांवर पत्र्याची खोपी आणि खोपीत 5 एचपीची मोटर. मोट आणि मोटर या शब्दांचं एकमेकांशी नातं काही नाही. मोट इथलीच, मोटर लॅटिनमधल्या 'हलवणं' या अर्थाच्या क्रियापदापासून निघून इंग्रजीच्या वाटेनं आपल्याकडे आली. पण कानाला ती मोटेची लेक वाटते, आणि कामाच्या हिशेबानं ते खरंही आहे. तिच्या पाटीवरचा जोरसुद्धा जनावरांतच मोजलेला असतो. आपलं वाफेचं इंजिन किती घोड्यांचं काम करतं हे गिऱ्हाइकांना समजावं म्हणून जेम्स वॉटनं जे माप बांधलं, तेच हे एचपी. एक एचपी म्हणजे 746 वॉट.

ही मोटर एका उन्हाळ्यात जळाली. रिवायंडिंगच्या दुकानात मिस्त्रींनी ती उघडली आणि मला आत डोकवायला सांगितलं. तांब्याच्या कॉइलचे बारा गट गोलाकार बसलेले. त्यातले चार कोळशासारखे काळे आणि उरलेले आठ जवळजवळ नव्यासारखे, वार्निशचा पिवळा तजेला तसाच. एक काळा, दोन चांगले, पुन्हा एक काळा, दोन चांगले, अशी सगळीकडे सारखी नक्षी.

"दादा, ही लोडनं जळालेली नाही," मिस्त्री म्हणाले. "लोडनं जळाली असती तर सगळी सारखी काळी पडली असती. एक फेज गेला आणि मोटर दोनवरच पळत राहिली."

तेव्हा आतली जोडणी डेल्टा म्हणजे त्रिकोणी असेल तर बारातले चार गट जळतात. स्टार असेल तर उलट, आठ जळतात आणि चार वाचतात. मोटर कशानं गेली, हे ती स्वतःच लिहून ठेवते. पण ही अक्षरं वाचायची तर दीडशे-दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

सप्टेंबर 1821 मध्ये लंडनला मायकेल फॅरेडेनं पाऱ्याच्या भांड्यात उभ्या केलेल्या चुंबकाभोवती विजेची तार फिरवून दाखवली. त्यातून काम काही होत नव्हतं, नुसती तार फिरत होती. 1837 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या थॉमस डॅव्हनपोर्ट या लोहारानं विजेच्या मोटरचं पेटंट घेतलं, आणि पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गला मोरिट्झ याकोबीनं नेवा नदीत मोटरवर नाव चालवली. पण वीज बॅटरीची. ती इतकी महाग पडायची की वाफेपुढे टिकाव लागेना. पुढे जनित्रं आली. 1873 च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात ग्राम या संशोधकाची दोन यंत्रं तारेनं जोडली होती. एक वीज करत होतं, दुसरं त्या विजेवर फिरून पंप चालवत होतं. विजेच्या मोटरचं जगापुढचं एक सुरुवातीचं गाजलेलं काम पाणी उचलण्याचं होतं, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

त्या मोटरींना ब्रश लागायचे. फिरत्या भागाला वीज पोहोचवायची तर काहीतरी घासत ठेवणं आलं. घासलं की ठिणगी, ठिणगी म्हणजे झीज, आणि गिरणीतल्या कापसाच्या धुळीत आगीची भीती. यातून सुटका केली ती फिरत्या चुंबकी क्षेत्रानं. 1885 मध्ये ट्यूरिनच्या गॅलिलिओ फेरारिस यांनी दोन कॉइलींतून एकमेकांच्या मागून चढणारे प्रवाह सोडले आणि मधला तांब्याचा दंडगोल, कशाचाही स्पर्श न होता, गरगर फिरू लागला. कॉइली जागच्या जागी, तार कुठेच हलत नाही, तरी चुंबकत्व मात्र गोल फिरतंय. फेरारिस यांनी हे मार्च 1888 मध्ये छापून सांगितलं. निकोला टेस्ला यांना स्वतंत्रपणे तीच वाट सापडली होती. त्यांची पेटंटं 1 मे 1888 ची. अशा मोटरची कार्यक्षमता निम्म्याच्या वर जाणार नाही, म्हणून धंद्यात तिचा उपयोग नाही, असं फेरारिस यांचं अनुमान होतं. एवढ्या मोठ्या माणसाचं एवढं चुकलेलं अनुमान क्वचितच असेल.

आमच्या खोपीतल्या मोटरचा खरा मूळपुरुष मात्र मिखाइल दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की. बर्लिनच्या एईजी कंपनीतल्या या अभियंत्यानं 1889 मध्ये तीन फेजची मोटर केली आणि तिच्या पोटात तांब्याच्या दांड्यांचा पिंजरा बसवला. दोन टोकांना दोन कडी, मध्ये दांड्या. बाहेरून आत एकही तार नाही, ब्रश नाही, ठिणगी नाही. 1891 साली नेकार नदीवरच्या लाउफेन गावाहून 175 किलोमीटर तारेनं फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात वीज आणली, तेव्हा त्याच्या 100 एचपीच्या मोटरनं तिथे एक कृत्रिम धबधबा चालवला. पुन्हा पाणीच! आपल्याकडे 1915 साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली आणि वाफेच्या इंजिनावरून निघणाऱ्या दोरांची न्‌ पट्ट्यांची जागा मोटरी घेऊ लागल्या.

आता मिस्त्रींच्या नक्षीकडे येतो. तीन फेजचे प्रवाह एकापाठोपाठ एक भरतीला येतात, म्हणून क्षेत्र फिरतं. एक फेज तुटला की ते फिरणं संपतं आणि चुंबकत्व जागच्या जागी नुसतं धडधडतं. मोटर उभी असेल तर ती घुमते पण फिरत नाही, आणि दोन-तीन मिनिटांत वास येऊ लागतो. हा घुमण्याचा आवाज ओळखून तत्काळ बंद केली तर वाचते. चालती असेल तर गोष्ट अधिक वाईट, कारण आलेल्या वेगावर ती फिरत राहते, पाणीही पडत राहतं, आणि लांबून कुणाला काही कळत नाही. उरलेल्या दोन तारांतून मात्र जवळजवळ पावणेदोन पट प्रवाह वाहतो. वायंडिंगचं तापमान अदमासे 10 अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. पावणेदोन पट प्रवाहाची उष्णता तिप्पट. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, एक डीओ फ्यूज रात्री उडाला असेल, तर सकाळपर्यंत काय उरणार?

याच क्षणासाठी स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. त्यात दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी असते. तापली की एक धातू जास्त वाढतो, पट्टी वाकते आणि मोटरची वीज तुटते. ही पट्टी मोटरसाठी जन्मलेली नाही. अठराव्या शतकात जॉन हॅरिसननं जहाजावरचं घड्याळ थंडी-उन्हात सारखं चालावं म्हणून ती शोधली. समुद्रात वेळ सांभाळणारी ती पट्टी आज आमच्या विहिरीवर राखणीला बसते, आणि आम्ही तिला बसू दिलं नव्हतं. रिले सारखा ट्रिप होतो म्हणून कुणीतरी त्याची चकती शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवली होती. पाटीवर अँपिअर लिहिलेले असतात ते नेमके या चकतीसाठी. रिले वारंवार पडतो तेव्हा तो बिघडलेला असतोच असं नाही. बहुतेक वेळा तो खरं सांगत असतो.

स्टार्टरमध्ये दुसरी असते नो-व्होल्ट कॉइल. वीज गेली की ती पकड सोडते, आणि वीज आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही. शेतीला रात्रीबेरात्री वीज मिळते म्हणून आपल्याकडे ऑटो स्विच लावून ही राखण पार बाजूला सारतात. रात्री दोनला थंडीत उठून विहिरीवर जाणाऱ्याचे हाल मला ठाऊक आहेत. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ऑटो असेल तर कपलिंगला हात लावण्याआधी किंवा विहिरीत फूटवॉल्व्ह साफ करायला उतरण्याआधी मेन स्विच पाडून तिन्ही किटकॅट फ्यूज काढून खिशात घातलेच पाहिजेत. खिशातच, बोर्डावर ठेवले तर दुसरा कुणीतरी चांगुलपणानं परत लावतो.

अर्थिंगबद्दल आमच्याकडे समज असा की खड्डा केला, कोळसा-मीठ घातलं, पत्रा गाडला की झालं. उन्हाळ्यात तो खड्डा कोरडा पडतो. त्याचा रोध 20 ओहम झाला आणि फेज मोटरच्या बॉडीला लागला, तर 240 व्होल्टला 20 नं भागा: 12 अँपिअर. किटकॅटमधली 25 अँपिअरची तार त्यानं वितळत नाही, मोटर चालत राहते आणि बॉडीला हात लावणारा मरतो. माणसाच्या हाताला पकड सोडता येणं 10 ते 16 मिलीअँपिअरच्या आसपास संपतं, हे कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स डॅल्झिल यांनी स्वेच्छेनं पुढे आलेल्या माणसांवर मोजलं. त्याच कामातून त्यांनी 1961 मध्ये गळती पकडून वीज तोडणारं यंत्र केलं. खड्ड्यात पाणी घालत राहायचं, आणि जोडीला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे असंच गळती पकडणारं यंत्र, बसवायचा. एकावर भागत नाही.

नवं वायंडिंग झाल्यावर मिस्त्रींनी मेगर लावला. 1889 मध्ये सिडनी एव्हरशेड यांनी हातात नेता येईल असा इन्सुलेशन तपासणारा पहिला मापक केला, त्याच घराण्यातलं हे यंत्र. 500 व्होल्टवर काटा 100 मेगओहमच्या पुढे गेला. एकच्या खाली असेल तर मोटर चालू करायचीच नाही; पावसाळाभर बंद पडलेली मोटर ओल धरते, तेव्हा हा काटा पाहिल्याशिवाय बटण दाबू नये.

आम्ही मोटर पायावर ठेवली, बोल्ट सैल ठेवून कपलिंगच्या दोन्ही चाकांवर पोलादी पट्टी धरली, उजेड दिसला तिथे पायाखाली पातळ पत्रा सारला आणि मग बोल्ट आवळले. बेअरिंगला ग्रीस बेताचंच भरलं, कारण ठासून भरलेलं ग्रीसही तापतं. कपलिंगवर जाळी बसवली. रिलेची चकती पाटीवरच्या 7.5 वर आणली. हिरवं बटण दाबलं, मोटर फिरली, पाणीही आलं, पण पाटात नेहमीची धार नव्हती. मिस्त्रींनी मोटर बंद करायला सांगितलं आणि ती थांबताना पंख्याकडे बघितलं. उलटी फिरत होती. उलट्या पंपातूनही थोडं पाणी येतं, म्हणून कित्येकांच्या ध्यानातच येत नाही. त्यांनी मेन पाडली, किटकॅट खिशात घातले, टर्मिनल बॉक्समधल्या दोन वायरींची अदलाबदल केली. फेरारिस यांचं क्षेत्र आता दुसऱ्या बाजूनं फिरणार होतं. पुन्हा बटण दाबलं, आणि पाटातल्या वाळलेल्या पानांना पुढे ढकलत पाणी वाफ्यापर्यंत गेलं.