गोधडी, पिंजारी आणि कापडाचा भाव

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तख्त येते, किल्ला येतो, फार तर एखादी मशीद किंवा मकबरा येतो. मुसलमानांचा इतिहास लिहायला बसलेली लेखणी तर बहमनी, निजामशाही, आदिलशाही यांच्या दरबारातून बाहेर पडायला तयारच नसते. त्या सुलतानांच्या रयतेने थंडीच्या रात्री अंगावर काय घेतले, ते कोणी शिवले, त्यासाठी कापूस कोणी पिंजला, आणि कापूस किंवा कापड महागले तेव्हा त्या लोकांनी काय केले, हे प्रश्न इतिहासाचे आहेत असे आपल्याला वाटतच नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या वर्गात इतिहास शिकवतो. अमेरिकेतील यादवी युद्धाचा धडा शिकवताना मुंबईच्या कापूस बाजाराचा उल्लेख आला. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, उस टाइम पे पिंजारे लोगां का क्या हुआ?" मुलगा नदाफांचा होता. आमच्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिला जात आहे.

प्रथम पिंजाऱ्यांविषयी. कापूस पिंजणारा तो पिंजारी. अरबीत त्यालाच 'नद्दाफ' म्हणतात. आपल्याकडे त्याचे 'नदाफ' झाले आणि ते आडनावही झाले. काही जण स्वतःला 'मन्सुरी' म्हणवतात. त्यामागे इ.स. 922 मध्ये बगदादेत ज्यांना देहदंड झाला त्या मन्सूर हल्लाज यांचे नाव आहे. 'हल्लाज' या शब्दाचा अर्थही कापूस पिंजणारा असाच होतो. ज्या समाजाला गावाने धंद्यावरून हिणवले, त्याने त्याच धंद्यातून एका सूफीशी नाते जोडले, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. आपण मशिदीत एका रांगेत उभे राहतो, परंतु सोयरीक करताना सय्यद, शेख, पठाण आणि 'तो तर पिंजारी' अशी उतरंड आपल्या बोलण्यात येतेच. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत पिंजारी-नदाफांची नोंद झाली ती उगाच नव्हे.

कापसाच्या या कामाचा आणि दख्खनचा संबंध जुना आहे. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीची माणसे दौलताबादला हलवली. त्यात इसामी नावाचा एक तरुण होता. पुढे बहमनी राज्याच्या आश्रयाने त्याने 1350 मध्ये 'फुतूह-उस-सलातीन' हा पद्यमय फारसी इतिहास पूर्ण केला. चरख्याचा भारतातील सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख या ग्रंथात सापडतो असे प्रा. इरफान हबीब यांनी दाखवून दिले. तोही कुठे, तर रझिया सुलतानच्या संदर्भात, बाईने चरख्यापाशी बसावे असा उपदेश करताना! म्हणजे चरखा इतिहासात आला तो बाईला तख्तावरून उठवण्यासाठी. चरखा बाहेरून आला की येथलाच, यावर विद्वानांत वाद आहेत. त्यात आम्ही पडत नाही. सूत काढणारी बाई आणि कापूस पिंजणारा पुरुष हे दोघे दख्खनच्या गावात शेकडो वर्षे शेजारी होते, एवढे पुरे.

पिंजाऱ्याचे हत्यार म्हणजे धनुष्यासारखी लांब पिंजण, उर्दूत धुनकी. तिला आतड्याची तात ओढलेली. लाकडी मुठीने तातेवर टोले घालायचे की ती थरथरते आणि दडपलेला कापूस मोकळा होऊन उडू लागतो. दिवाळीनंतर थंडीच्या तोंडावर पिंजण खांद्यावर टाकून नदाफ गल्लीत आला की त्या तातेच्या आवाजावरूनच मुले धावत येत. जुन्या गादीतला, रजईतला कापूस काढायचा, पिंजायचा, पुन्हा भरायचा आणि टाके घालायचे. कापूस तोच राही, पैसे कामाचे मिळत. हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

परंतु रजई ही ज्याला कापूस परवडतो त्याची. गरिबाची ती गोधडी. कुठे तिला वाकळ म्हणतात, दखनीत गुदडी. तिच्यात कापूस नसतो, कापडावर कापड असते. जुन्या नऊवारी लुगड्याच्या चार घड्या घातल्या की प्रत्येक घडी सव्वादोन वारांची होते, म्हणजे माणसाच्या उंचीला पुरून उरते. अशी दोन लुगडी शेजारी शेजारी जोडली की रुंदी मिळते आणि चार पदर आयतेच मिळतात. मध्ये फाटकी धोतरे, सदरे, लुंग्या, पोरांची झबली. मग दाभण घेऊन कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचे. आमच्या भागातल्या जुन्या मुसलमान बायाही लुगडेच नेसत, फक्त कासोटा न घालता गोल. त्यामुळे गोधडीकडे पाहून ती कोणाच्या घरची हे सांगता येत नसे. गोधडीला किंमत नव्हती. म्हणजे ती फुकट होती असे नव्हे. तिच्यासाठी कोणी बाजारात जात नसे, एवढेच. कापड आधी अंगावर झिजायचे आणि मगच गोधडीत जायचे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. 1861 मध्ये अमेरिकेत युद्ध पेटले, तिथल्या दक्षिणेकडचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाशिवाय तरणोपाय उरला नाही. भाव कित्येक पटींनी चढले. 1865 पर्यंत मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. प्रेमचंद रायचंद यांचे नाव, बॅकबेच्या भरावाचे शेअर, वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा, हे सारे पुस्तकांत आहे. परंतु मुंबईच्या जुन्या इतिहासात आणखी एक लहानशी गोष्ट येते. भाव इतका चढला की लोकांनी गाद्या-उशा फोडून आतला कापूस विकला आणि त्या जागी नारळाचा काथ्या भरला! वाचताना हसू येते. पण जो पिंजारी त्याच गाद्या दरसाल पिंजून पोट भरत होता, त्याचे काय झाले असेल? काथ्याला पिंजण लागत नाही. आणि विणकराचे काय? सूत महागले, कापडाचा भाव गिऱ्हाइकाला झेपेना, माग बंद पडू लागले. शेतकरी आणि दलाल यांना तेजी आली, तर कापसावर हात चालवणाऱ्याला मंदी. युद्ध संपताच 1865 मध्ये भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. त्या बुडालेल्यांची नावे इतिहासात आहेत. ज्यांच्यावर तेजीतच उपासमार आली होती, त्यांची नाहीत.

1857 च्या बंडानंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तरेकडचे मोमीन-अन्सारी विणकर मालेगाव, भिवंडी या गावांत येऊन स्थिरावले ही गोष्ट आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. मालेगावच्या हातमागावर, आणि 1930 नंतरच्या दशकात यंत्रमागावर, जी रंगीत लुगडी निघाली ती खानदेश, मराठवाडा, वऱ्हाडातल्या बायांच्या अंगावर गेली आणि तिथून गोधड्यांत. मोमिनाने विणायचे, कुणबिणीने नेसायचे, आणि दहा वर्षांनी ते तिच्या नातवाने पांघरायचे. महाराष्ट्राच्या मिश्र संस्कृतीवर व्याख्याने देणाऱ्यांनी हा धागा कधी उलगडून पाहिला असेल असे वाटत नाही.

दुसरा मोठा घाव दुसऱ्या महायुद्धात बसला. गिरण्यांचे कापड फौजेसाठी जाऊ लागले, परदेशी माल बंद झाला, साठेबाजी सुरू झाली. 1943 च्या मध्यापर्यंत कापडाचे भाव युद्धापूर्वीच्या सुमारे पाचपट झाले. त्या वर्षीच्या जूनमध्ये सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढला, कापडावर किंमत छापणे सक्तीचे केले आणि गरिबांसाठी जाडेभरडे 'स्टँडर्ड' कापड काढले. 'कंट्रोल' हा शब्द तेव्हापासून मराठीत आणि दखनीत असा रुजला की आजही म्हातारी माणसे रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणतात. भाव कागदावर उतरले, पण माल दिसेना. हातमागवाल्याला सूत काळ्या बाजारात घ्यावे लागे. जानेवारी 1948 मध्ये नियंत्रण उठवले तर भाव पुन्हा भडकले, आणि त्याच वर्षी जुलैअखेर ते परत लावावे लागले.

या काळाविषयी आमच्या आजीने सांगितलेले आठवते. त्या चार-पाच वर्षांत घरात एकही नवी गोधडी झाली नाही. कारण जुने कापड उरतच नव्हते. लुगडे फाटले की त्याचे दोन भाग उलटे जोडून पुन्हा नेसायचे. त्याला दांड घालणे म्हणत. मग त्यातून पोरींचे परकर, त्यातून टोप्या, त्यातून कंदिलाची काच पुसायचे फडके. गोधडीपर्यंत काही पोचेना. उलट होत्या त्या गोधड्या उसवून बऱ्या राहिलेल्या मधल्या पदरांचे कपडे काढले. ईदला मुलांच्या अंगावर गोधडीतून निघालेले कापड होते, असे ती सांगे. कफनासाठी मांजरपाट मिळवताना माणसांची काय त्रेधा उडाली हे सांगताना मात्र ती गप्प होई. (मांजरपाटाचा मांजराशी संबंध नाही. आंध्रातल्या मादापोल्लम या गावावरून ते नाव आले आहे.)

पुढच्या तीस-चाळीस वर्षांवर फार थांबण्याचे कारण नाही. स्वातंत्र्यानंतर स्वस्त नियंत्रित कापड आले, 1976 पासून हातमागावरचे जनता कापड आले. मुंबईच्या गिरण्यांतली आणि कारखान्यांतली चिंधी किलोवर विकत मिळू लागली आणि पुष्कळ बायांनी त्यावर गोधड्या शिवून चार पैसे कमावले. 1982 चा संप झाला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या. टेरिलीन, टेरिकॉट तोवर घरोघर पोचले होते. ते टिकते, इस्त्री लागत नाही, म्हणून गरिबानेही ते घेतले. पण घाम न शोषणारे ते कापड जुने होऊनही गोधडीच्या कामाचे नाही. लुगडे गेले, सहावारीही नायलॉनची झाली, सलवार-कमीज शिवताना उरणारे तुकडे हातभर. निवडणुकीचे आणि जलशांचे कापडी फलक पूर्वी सभा संपली की बाया मागून नेत. त्या जागी फ्लेक्स आले. गोधडीचा फुकटचा माल असा चहूबाजूंनी आटत गेला. पिंजाऱ्याच्या खांद्यावरची पिंजण विजेच्या यंत्राने आधीच उतरवली होती. मग फोमच्या गाद्या आल्या आणि यंत्रही धूळ खाऊ लागले.

अशा वेळी 2022 ची तेजी आली. त्या वर्षी मे महिन्यात शंकर-6 जातीच्या कापसाच्या 356 किलोंच्या खंडीने एक लाख रुपयांचा आकडा ओलांडला. वर्षभरापूर्वीच्या दुप्पट! पीक कमी आले होते, जगाच्या बाजारात भाव चढे होते, आणि आयात कापसावर 2021 पासून 11 टक्के शुल्क होते. ते एप्रिल 2022 मध्ये काही महिन्यांपुरते उठवले तरी लगेच फरक पडला नाही. खंडीचा भाव किलोवर आणला तर 280 रुपये होतात. दोन किलोची रजई म्हणजे नुसत्या कापसाचेच साडेपाचशेच्या वर. नदाफ हलका कापूस वापरतो हे खरे, पण हलका मालही चांगल्या मालाच्या मागोमाग चढतो. यंत्रमागवाल्यांची सुताने कोंडी केली. ज्या शेतकऱ्याने कापूस डिसेंबरातच विकून टाकला होता, त्याच्या हातीही ती तेजी लागली नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही आमच्या मोहल्ल्यातल्या गोधडी शिवणाऱ्या काही बायांशी बोललो. जुने कपडे मिळत नाहीत म्हणून त्या आता नवे सुती कापड किंवा शिंप्याकडची चिंधी विकत घेतात. चिंधीचा भाव कापडाच्या भावाबरोबर वाढला. मग त्यांनी काय केले? कोणी पदर कमी केले. कोणी मध्ये जुनी ब्लँकेट घातली. कोणी आतून टेरिकॉट आणि वरून सुती अशी तडजोड केली; "गिऱ्हाईक वरून हात फिरवतं, आत कोण बघतं," असे एकीने हसत सांगितले आणि लगेच, "पन अल्ला बघतो," असेही म्हणाली. शहरातला एक व्यापारी त्यांच्याकडून गोधड्या नेऊन प्रदर्शनात मांडतो. कापड महागले म्हणून त्याने किंमत वाढवली, पण शिलाई तीच ठेवली. एका गोधडीला आठ ते दहा दिवस लागतात. तुम्ही दर का वाढवून मागत नाही, असे आम्ही विचारले तेव्हा त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. कापड महाग झाले ना, मग आपले कसे वाढवणार, असे त्यांचे म्हणणे.

तो नदाफांचा मुलगा आता कॉलेजात जातो. त्याच्या वडिलांनी यंत्र मोडीत काढून रिक्षा घेतली. पिंजण मात्र अजून माळ्यावर आहे. तिची तात तुटलेली आहे आणि ती कशी ओढायची हे घरात आता एकट्या आजोबांना ठाऊक आहे. पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर ते ती खाली काढून आमच्या वर्गातल्या मुलांना दाखवणार आहेत. फक्त पिंजायला थोडा कापूस आणा, असा त्यांचा निरोप आला आहे.