लामतुरे वस्तुसंग्रहालय, तेर

धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावचे शासकीय वस्तुसंग्रहालय. पूर्ण नाव कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय. तेर म्हणजे सातवाहनकाळातील तगर हे व्यापारी नगर. या नगराच्या अवशेषांतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच रहिवाशाने आयुष्यभर जमवल्या आणि हा संग्रह पुढे शासनाकडे आला. वस्तूंची संख्या वीस हजारांहून अधिक आहे. मणी, नाणी, बांगड्या, मातीच्या मूर्ती, हस्तिदंती काम आणि कोरीव लाकूडकाम असा संग्रहाचा पसारा आहे. वस्तू जिथे सापडल्या तिथेच पाहायला मिळतात, हे या संग्रहालयाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य.

स्थान आणि मार्ग

तेर हे तेरणा नदीच्या काठी, धाराशिव शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. छत्रपती संभाजीनगरहून जाणाऱ्याला बीडमार्गे सोलापूरकडे जाणारा महामार्ग सोयीचा पडतो.  अंतर बरेच असल्याने मुक्कामाच्या बेताने जाणे बरे. तुळजापूरच्या यात्रेला जोडूनही अनेक जण तेर करतात.

तगर कोणते?

‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख येतो. भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून मौल्यवान खडे, तर तगरहून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे. उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर इथे राज्य करणारे शिलाहार राजे पुढे कित्येक शतके ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने लावत. आपले मूळ या नगरात आहे, असे ते त्यातून सांगत होते.

तरीही हे नगर नेमके कोणते, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद होता. काहींनी तगर म्हणजे देवगिरी असे मानले, काहींनी जुन्नरचे नाव पुढे केले. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, असे साधार मांडले. पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी गावाची पाहणी करून तेथील मंदिरे आणि टेकाडे यांची नोंद भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९०२-०३ च्या अहवालात केली. तेव्हापासून ही ओळख सर्वमान्य आहे.

पांढर आणि संग्राहक

तेरच्या भोवती कोट, बैराग, रेणुकाई अशी नावे असलेली टेकाडे आहेत. लोक त्यांना टेकड्या म्हणतात, पण ती निसर्गाने घडवलेली नाहीत. शतकानुशतके घरे पडली, त्यावर नवी उठली, राख, खापरे आणि विटा यांचे थर साचत गेले आणि पांढरीचे उंचवटे तयार झाले. पावसाळ्यात माती वाहून गेली की उतारावर मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. घरे सारवायला किंवा शेतात टाकायला पांढरी माती खणून नेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि अशा खणण्यातूनही वस्तू हाती लागत.

मराठवाड्यात अशी जुनी गावे पुष्कळ. सापडलेली वस्तू मुलांच्या खेळात जायची, सोनाराकडे वितळायची, नाहीतर बाहेरगावच्या व्यापाऱ्याला विकली जायची. तेरमध्ये ही गळती रोखली गेली ती रामलिंगप्पांमुळे. पुरातत्त्वाचे औपचारिक शिक्षण नसताना त्यांनी खापराचा तुकडाही टाकाऊ मानला नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी संग्रहासाठी अवघा देश पालथा घातला. लामतुऱ्यांनी एकाच गावाची माती धरून ठेवली आणि त्यामुळेच त्यांच्या संग्रहातून एका नगराचा संसार सलगपणे दिसतो. तेरचे हे महत्त्व परदेशी अभ्यासकांनीही ओळखले: ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० साली तेरवर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

प्रमुख वस्तू

मातीच्या मूर्ती हा संग्रहाचा गाभा. त्यांतील उत्तम नमुने केओलिन या पांढऱ्या, बारीक पोताच्या मातीचे आहेत. पुढची आणि मागची बाजू वेगवेगळ्या साच्यांत दाबून घेत, मग दोन्ही अर्धुके जोडून मूर्ती भाजत. त्यामुळे ती आतून पोकळ आणि हलकी होते. मूर्ती बाजूने पाहिली तर कानाच्या मागून खाली गेलेला सांधा कधी कधी ओळखू येतो. केशरचना, जड कर्णभूषणे, गळ्यातले हार इतक्या बारकाईने घडवलेले आहेत की सातवाहनकाळातील स्त्रीपुरुषांच्या वेशभूषेचा अभ्यास यांच्यावरून करता येतो.

हस्तिदंती स्त्रीमूर्ती ही संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू. अंगावर दागिने ल्यालेली ही मूर्ती आरशाची मूठ असावी, असे मत आहे. १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या घरात, अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या १९७३ च्या उत्खननातही या घराण्यातली मूर्ती मिळाली. तेर, भोकरदन आणि पाँपेई ही तीन ठिकाणे एका रेषेत आणली की दख्खनच्या कारागिरीचा माल कुठवर पोचत होता, हे कळते.

रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेल्या मातीच्या मुद्रा याच संबंधांची दुसरी बाजू दाखवतात. ओवण्यासाठी छिद्र किंवा कडी असलेल्या या मुद्रा गळ्यात घालत. परदेशी नाणे इथल्या बाजारात फिरता फिरता इथल्या माणसांचा दागिना झाले. यांशिवाय सातवाहनांची नाणी, अर्धमौल्यवान दगडांचे मणी आणि शंखाच्या बांगड्या मोठ्या संख्येने आहेत.

उत्तरेश्वर मंदिराची लाकडी द्वारचौकट हा वेगळाच ठेवा. लाकूड आपल्या हवामानात सहसा टिकत नाही, वाळवी आणि पाऊस त्याला पुरून उरतात. म्हणून विटांच्या जुन्या मंदिराची कोरीव चौकट आज पाहायला मिळते, हे भाग्यच म्हणायचे.

उत्खनने आणि संग्रहाची मर्यादा

पृष्ठभागावरून गोळा केलेल्या वस्तूला थर नसतो. ती कोणत्या खोलीवर, कशाच्या शेजारी होती हे कळत नाही आणि तिचा काळ शैलीवरूनच ठरवावा लागतो. ही उणीव उत्खननांनी काही अंशी भरून काढली. १९५८ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक चापेकर यांनी येथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. पुढेही वेळोवेळी खोदकामे झाली. त्यांतून मिळालेल्या थरांशी ताडून पाहिल्यावर लामतुरे संग्रहाला कालक्रमाचा आधार मिळतो. संग्राहकाची चिकाटी आणि उत्खननाची शिस्त, दोन्हींची गरज असते ती अशी.

गाव पाहताना

संग्रहालय आधी पाहून मग गावात फिरावे. त्रिविक्रम मंदिर विटांचे असून त्याची मागची बाजू अर्धगोल आहे. अशी चापाकार वास्तू दक्षिणेत आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथे आढळते. तेरचे मंदिर मुळात बौद्ध चैत्य असावे, असे कझिन्स यांच्यापासून अनेक अभ्यासक मानतात. येथील जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, असा लौकिक आहे. संत गोरा कुंभार याच गावचे. त्यांच्या समाधीला वारकरी आवर्जून येतात. मातीच्या मूर्ती घडवणाऱ्या नगरात हजारभर वर्षांनी कुंभार संत व्हावा, ही संगती दर्शनाला आलेल्यांनी संग्रहालयात डोकावल्यास मनोमन पटते.

तुलना

मराठवाड्यात स्थानिक संग्राहकांच्या संग्रहांवर आणखीही संग्रहालये उभी आहेत. पैठणचे बाळासाहेब पाटील शासकीय वस्तुसंग्रहालय सातवाहनकालीन वस्तूंसाठी पाहावे. छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला डॉ. शांतिलाल पुरवार यांच्या संग्रहाचा आधार आहे.

वस्तू जिथल्या तिथेच कशा राहाव्यात, हा प्रश्न कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हैदा ग्वाई बेटांत वेगळ्या रूपात पुढे आला. हैदा लोकांचे कोरीव स्तंभ, मुखवटे आणि पूर्वजांच्या अस्थीसुद्धा संग्राहकांनी दूरदूरच्या संग्रहालयांत नेल्या होत्या. हैदांनी स्किडगेट येथे स्वतःचे वारसा केंद्र उभारले. २००१ मध्ये तिथे सहा नवे स्तंभ उभे राहिले आणि २००८ मध्ये केंद्राचे औपचारिक उद्घाटन झाले. दरम्यान २००३ साली शिकागोच्या फील्ड म्युझियममधून दीडशेहून अधिक पूर्वजांच्या अस्थी बेटांवर परत आणून त्यांचे विधिवत दफन करण्यात आले. हैदांना जे झगडून परत मिळवावे लागले, ते तेरमध्ये एका माणसाने मुळात बाहेर जाऊ दिले नाही.

महत्त्व

तेरचे संग्रहालय हा मराठवाड्याच्या प्राचीन व्यापाराचा आणि कारागिरीचा थेट पुरावा आहे. निजामी राजवटीमुळे उपेक्षित राहिलेला प्रदेश, एवढीच मराठवाड्याची ओळख सांगणाऱ्यांना हा संग्रह दोन हजार वर्षे मागे नेतो. पण वस्तू कपाटात सुरक्षित असल्या तरी टेकाडे उघड्यावर आहेत. त्यांवरची माती खणली गेली, घरे वाढली, तर न वाचलेले थर कायमचे जातील. संग्रहालयाइतकेच टेकाडांचे रक्षण करणे आणि मराठवाड्यातील शाळांच्या सहलींत वेरूळ-अजिंठ्याबरोबर तेरलाही जागा देणे, ही या पिढीने करण्याची कामे आहेत.