गाव सोडणं म्हणजे चळवळ सोडणं नव्हे

मागच्या रविवारी विहारात वंदना झाली आणि अभ्यासवर्गातला एक मुलगा मागे थांबला. परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातला, बीएस्सी कॉम्प्युटर झालेला. मोबाइलमध्ये बंगळुरूच्या एका कंपनीचं ऑफर लेटर होतं. काम टेक सपोर्टचं. ग्राहकांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी फोनवर आणि चॅटवर सोडवायच्या. हातात १९ हजार पगार, रात्रपाळी, दीड वर्षाचा बॉण्ड. उत्तर द्यायला आठ दिवस. त्याने विचारलं, "ताई, जाऊ का नको?"

मी काही बोलायच्या आत आमच्यातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "शिकली की पळाली! बाबासाहेब आग्र्याला काय म्हणाले होते, ते विसरलात का?" मुलगा खाली मान घालून उभा राहिला.

त्याला खाली मान घालायला लावणाऱ्या त्या वाक्यासाठी हा लेख लिहिते आहे. गाव सोडणारा शिकलेला पोरगा समाजाचा गुन्हेगार आहे, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. आपला इतिहास मात्र वेगळं सांगतो.

आपण कोणाची लेकरं आहोत?

बाबासाहेबांचं मूळ गाव कोकणातलं आंबडवे. जन्म महूच्या लष्करी छावणीतला, १४ एप्रिल १८९१ चा. आजोबा मालोजी फौजेत होते, वडील रामजी सुभेदार होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोली, सातारा आणि शेवटी मुंबई असं फिरलं. परळच्या चाळीत राहून भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. म्हणजे दोन पिढ्यांनी आधी गाव सोडलं होतं, म्हणून तिसरी पिढी शाळेत टिकली. आंबडव्यात महारकी करत राहिले असते तर काय झालं असतं, याचा विचार करून पाहा.

महारकी म्हणजे गावाची वेठबिगार. १८७४ च्या वतन कायद्याने तिला कागदावर बसवलं. दिवसरात्र राबायचं आणि मोबदल्यात वतनाचा तुकडा, बलुतं, शिळं अन्न. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात हे वतन मोडणारं विधेयक मांडलं तेव्हा त्यांचं म्हणणं साधं होतं. माणसाला कामाची जागा निवडता आली पाहिजे आणि कामाला रोख मजुरी मिळाली पाहिजे. गाव सोडण्याचा हक्क हा तेव्हा गुलामीतून सुटण्याचा हक्क होता. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर ठरवलं. खेड्याची आरती ओवाळणाऱ्यांना ते आजही झोंबतं.

आणि गाव सोडलेल्यांनी गावाला काय दिलं? १९२७ ची महाड परिषद घ्या. तिची तयारी करणाऱ्यांत पुढे असलेले रामचंद्र बाबाजी मोरे मुंबई आणि महाड या दोन्हीकडे पाय रोवून काम करणारे होते. मुंबईतले कामगार आणि कोकणातले निवृत्त फौजी नसते तर चवदार तळ्यावर एवढी माणसं उभी राहिली नसती. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. नागपूर आणि कामठीच्या कामगार वस्त्यांमधून विदर्भाची चळवळ वाढली. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी करणारे नामदेव ढसाळ मूळचे पुणे जिल्ह्यातल्या खेड्यातले, वाढले कामाठीपुऱ्यात. ही सगळी पळालेली माणसं होती का?

आग्र्याच्या सभेतली म्हणून जी खंत सांगितली जाते, ती शिकून फक्त स्वतःचं पोट भरणाऱ्यांबद्दल आहे. राहण्याचा पत्ता बदलणाऱ्यांबद्दल नाही. पत्ता न बदलताही समाजाला विसरलेले लोक आपल्या तालुक्याच्या कचेरीत पैशाला पासरी सापडतील.

बडोद्याने शिकवलेला धडा

म्हणून "शहरात जा, तिथे जात नसते" असं मी त्या मुलाला सांगितलं का? नाही. तेही खोटंच आहे.

अगदी याच प्रश्नासमोर बाबासाहेब दोनदा उभे राहिले होते. पहिल्यांदा जानेवारी १९१३ मध्ये. बीए झाल्यावर, वडिलांच्या मनात नसताना, ते बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. ते मुंबईला परतले आणि २ फेब्रुवारीला रामजी गेले. नोकरीसाठी दूर जाणं आणि घरी म्हाताऱ्या माणसाला सोडणं, ही घालमेल बाबासाहेबांच्या घरानेही भोगली आहे.

दुसऱ्यांदा सप्टेंबर १९१७ मध्ये. मधल्या काळात बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला जाऊन आले होते. त्या बदल्यात १० वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. नोकरी होती, पद होतं, पदवीला तोड नव्हती. नव्हती ती फक्त राहायला खोली. हॉटेलात जागा नाही, म्हणून पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन आली. एक मित्र हिंदू, एक ख्रिस्ती, पण दोघांच्याही घरात आसरा मिळाला नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले आणि रात्री बडोदा सोडलं. हा प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहिला आहे.

दरवर्षी जयंतीला आपण हा प्रसंग सांगतो आणि रडतो. पण त्यातून शिकत नाही. देशातल्या सर्वात शिकलेल्या माणसाची नोकरी गुणवत्तेअभावी गेली नाही, घर न मिळाल्यामुळे गेली. म्हणून ऑफर लेटर हातात आलं की पगाराच्या आधी विचारायचा प्रश्न आहे: राहणार कुठे? आज आडनाव विचारून, "नॉनव्हेज खाता का" विचारून खोली नाकारली जाते. मी एमए करत असताना पुण्यात मलाच तीन ठिकाणी नाकारली गेली. चौथी खोली मिळाली ती आपल्याच एका बाईंच्या ओळखीने.

आत घेतलं, पण कोणत्या खात्यात?

दुसरा धडा गिरण्यांचा. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं शिरली, पण विणकाम खात्यात त्यांना जागा नव्हती. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगार हातात कसा धरणार? आणि जास्त मजुरी नेमकी त्याच खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपात ही बंदी उठवण्याची मागणीही घ्या, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. हे आपल्याला पाठ असतं. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतली आपली माणसं गँगमन म्हणूनच आयुष्यभर कशी राबतात, हेही मांडलं होतं. हमालाचं काम त्यांना मिळत नव्हतं, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरात शिरावं लागायचं.

म्हणजे फाटकातून आत जाणं हा अर्धाच प्रवास आहे. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जांना प्रतिसाद कमी आला. म्हणून त्या मुलाला म्हटलं, कंपनीला नीट विचार. पहिल्या पातळीच्या सपोर्टमधून वरच्या पातळीवर जायला किती दिवस लागतात? प्रशिक्षण, परीक्षा, सर्टिफिकेट यांचा खर्च कोण करतं? दोन वर्षं फक्त "कॉम्प्युटर बंद करून चालू करा" सांगत बसावं लागणार असेल, तर ते आजचं गँगमनचंच काम आहे. आणि बॉण्डमध्ये किती पैसे भरायचे लिहिले आहेत, ते वाच. मूळ प्रमाणपत्रं, विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र, कोणाकडेही ठेवायला देऊ नकोस.

गायरान कोण सांभाळणार?

आता सर्वात अवघड गोष्ट. हे सगळं ऐकून झाल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "ताई, आमचं तीन एकर गायरान आहे. माय एकटी. बहीण बारावीला. मी गेलो तर ते लोक नांगर घालतील."

इथे मीही थोडा वेळ गप्प बसले. कारण ही जमीन फुकटात आलेली नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसं तुरुंगात गेली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला तो अशा लढ्यांमुळे. तरीही कितीतरी कुटुंबांच्या नावावर आजही सातबारा नाही. त्यांची कागदं सांभाळणारा, तलाठ्याशी बोलणारा घरात बहुधा एकच शिकलेला पोरगा असतो.

तर त्या पोराने तिथेच खिळून राहावं का? ज्येष्ठांना मी तेव्हा म्हणाले ते इथेही लिहिते. एका पोराने गाव सोडल्यावर जर तीन एकर जात असतील, तर दोष पोराचा नाही, संघटनेचा आहे. आपण त्या वस्तीत दुसरा माणूस तयारच केला नाही. जमीन राखायचं काम आपण एका विशीतल्या मुलाच्या खांद्यावर टाकलं आणि तो वाकला म्हणून त्यालाच बोल लावतो आहोत.

काय ठरलं

मी त्याला "जा" म्हणाले. पण असंच उठून जाऊ नकोस, हेही सांगितलं.

आठ दिवसांत करायच्या गोष्टी आम्ही वहीत लिहिल्या. अतिक्रमणाच्या नोंदवहीचा, म्हणजे गाव नमुना १-ई चा उतारा काढायचा. दंडाच्या पावत्या, पंचनामे, जुने अर्ज यांच्या तीन प्रती करायच्या. एक मायजवळ, एक संघटनेत, एक त्याच्याजवळ. बहिणीला आणि वस्तीतल्या आणखी दोघांना फाइल वाचायला शिकवायची. तलाठ्याकडे जाताना मायसोबत आमच्यातलं कुणीतरी जाईल, हे लेखी ठरवायचं. हे काम त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं, हे मी मुद्दाम नोंदवते. बंगळुरूत आपली मुलं कुठे राहतात ते शोधायचं आणि खोली पक्की झाल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. खोली किंवा वरच्या पातळीचं उत्तर समाधानकारक आलं नाही, तर ही ऑफर सोडायची. दुसरी येईल.

तरुण मित्रांनो, तुमच्याही हातात असं पत्र येईल. आपल्या आजोबा-पणजोबांनी गाव सोडलं तेव्हा ते एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेले, मधला धागा तोडून गेले नाहीत. जाणाऱ्याने तो धागा धरून ठेवावा. आणि मागे राहणाऱ्या आपण सगळ्यांनी, जाणाऱ्याला मान खाली घालायला लावू नये. त्याच्या मायचा फोन आला तर तो उचलणारं कुणीतरी इथे असलं पाहिजे. तेवढी जबाबदारी आपली.

जय भीम!