दशावतारातील स्त्रीपात्र आणि कार्यस्थळाचा कायदा

दक्षिण कोकणात दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रांतून रंगणारा आणि मालवणीत ‘धयकालो’ म्हणून ओळखला जाणारा दशावतार हे लोकनाट्य खरे. परंतु वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा नावांनी चालत आलेली त्याची मंडळे ही मालक, नट आणि वादक यांच्या पोटापाण्याची कामाची ठिकाणेही होत. पूर्वरंगातील ऋद्धिसिद्धींपासून आख्यानातील राण्यांपर्यंतची स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषांनीच वठवली, आणि लिखित संहितेवाचून रात्रभर संवाद रचणाऱ्या या नटांना गावाने मानही दिला. तो मान मात्र कलेचा होता. स्त्रियांना रंगभूमी बंद असल्यामुळे ही पात्रे पुरुषांकडे आली होती. म्हणून सर्वसमावेशकतेचा जुना दाखला म्हणून दशावतार पुढे करणे इतिहासाला धरून होत नाही, शिवाय वेषावरून नटाच्या खाजगी आयुष्याविषयी निष्कर्ष काढणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

कायद्याची वाट निराळी आहे. १८१२ च्या तहाने कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेलेल्या मालवणात १८६२ पासून भारतीय दंडसंहिता लागू झाली आणि तिच्या ३७७ व्या कलमाखाली, ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ अशा मोघम वर्णनाच्या आधारे, समलिंगी संबंधही गुन्ह्यात मोडू लागले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींची लिंगओळख मान्य केली, तर ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले.

कामाच्या ठिकाणासाठी खरे कलाटणीचे वर्ष २०१९ चे. त्या वर्षीच्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाने नोकरभरती, बढती आणि सेवेच्या इतर बाबतींत भेदभावास मनाई केली व प्रत्येक ‘आस्थापने’त तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले, आणि या संज्ञेत कंपन्यांबरोबर भागीदारी संस्था व सहकारी संस्थाही येत असल्याने किनाऱ्यावरील मच्छीमार सोसायटी किंवा पर्यटकांचे हॉटेल चालवणारी फर्म तिच्याबाहेर राहत नाही. २०२० च्या नियमांनी समान संधी धोरण, म्हणजे भरती, सुविधा व सुरक्षितता यांविषयीचे लेखी वचन, जाहीर करण्यास सांगितले, आणि संकेतस्थळ नसेल तर ते दर्शनी जागी लावण्याची सोय ठेवली. त्याच नियमांत कर्मचाऱ्याच्या लिंगओळखीची गुप्तता राखण्याचीही अट आहे. उत्साहाच्या भरात निघणाऱ्या अभिनंदनपर फलकांत नेमकी हीच अट विसरली जाते. धोरण सर्वांसमोर टांगायचे असते, व्यक्ती नव्हे.

समलिंगी कर्मचाऱ्यांविषयी खाजगी मालकावर असे तपशीलवार बंधन घालणारा स्वतंत्र कायदा या काळात झाला नाही, आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा मूलभूत हक्क मान्य करण्यास नकार दिला. त्यामुळे जोडीदाराला विमा देणाऱ्या संस्थेने ती सवलत स्वतःच्या धोरणाची म्हणून सांगावी लागते, कायद्याने दिलेला हक्क म्हणून नव्हे. आणि सहकाऱ्याची श्रद्धा काहीही असली तरी कामावरील वागणूक भेदभावाची नसावी, एवढीच अपेक्षा कर्मचाऱ्यांसाठीच्या सूचनेत लिहिता येते.